आबांचं नाव सिकंदर

माझ्या मुलीच्या लग्नाची सुपारी फुटली त्या दिवशी मी माझ्या वडिलांचं नाव खोटं सांगितलं. वडील तेव्हा माझ्या शेजारीच बसले होते. आदल्या दिवशी मी आणलेली नवी पांढरी टोपी त्यांच्या डोक्यावर होती आणि त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता. मुलाच्या आजोबांनी सहज विचारलं, "आणि हे थोरलं पावणं? नाव काय म्हणायचं?"

मी म्हणालो, "शंकरराव."

त्यांचं नाव सिकंदर आहे.

हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी कारणं सांगायला लागणार हे मला माहीत आहे. कारणं सांगायची मला सवय आहे. त्या दिवसापासून मी बायकोला, मुलीला आणि मोटारसायकलवर एकटा असताना हेल्मेटच्या आत स्वतःलाही कारणंच सांगत होतो.

आमचं गाव कागलच्या हायवेपासून आत. आम्ही शेती-म्हशींवाले, घरात खंडोबा, दारात तुळस. अशा घरातल्या माणसाचं नाव सिकंदर कसं, असं बाहेरचे विचारतात. गावात कुणी विचारत नाही. आबांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. मग माझ्या आजीनं गावाबाहेरच्या पीराला नवस केला, की हे पोरगं जगू दे, नाव तुझ्या दारातलं ठेवीन. अशा नवसाच्या मुलाचं नाव मुजावर सांगायचा. मुजावर म्हणजे पीराची दिवाबत्ती करणारा. आमच्या आळीत अशा नवसाच्या नावाचे एक फकीर होते, एक दस्तगीर होते. आबांच्या वेळच्या मुजावरानं सिकंदर सांगितलं. आबा जगले.

या नावाचे दोन नियम आहेत. एक म्हणजे ते बदलायचं नाही, टोपणनावानं झाकायचं नाही. झाकलं तर नवस फिटला नाही असं धरतात. दुसरा म्हणजे वर्षातून एकदा, उरसाच्या आधीच्या गुरुवारी, घरच्या माणसानं मलिदा घेऊन पीराला जायचं. चपाती कुस्करून गूळ-तूप घातलेला मलिदा. मुजावर फातिया द्यायला, म्हणजे दुवा म्हणायला, बसला की विचारतो, "कुणाच्या नावानं?" तेव्हा घरच्यानं ते नाव मोठ्यानं सांगायचं. ज्याचं नाव त्यानं स्वतः सांगायचं नसतं. आधी आजी सांगायची. मग माझी आई सांगायची. एरवी नवऱ्याचं नाव न घेणारी आई तेवढ्या एका गुरुवारी पदर सावरून, मान वर करून नाव घ्यायची. आई गेल्यावर हे काम माझं होतं. मी एकदाही गेलो नाही. कंपनीत सुट्टी मिळत नाही, असं मी सांगायचो. आबा एकटेच डबा घेऊन जायचे, आणि त्यांना स्वतःचं नाव स्वतः घ्यायला लागू नये म्हणून मुजावरच त्यांच्या वतीनं नाव घ्यायचा. हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मराठी माणसाच्या नावात बापाचं नाव मधोमध असतं. त्यामुळे सिकंदर हे नाव जन्मापासून माझंही आहे. शाळेत मास्तर हजेरी घेताना पूर्ण नाव घ्यायचे, तोवर कुणाला काही वाटत नव्हतं. मग इतिहासाच्या पुस्तकात तो ग्रीक राजा आला, घोड्यावर बसून, जग जिंकत जिंकत पंजाबपर्यंत आलेला. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत सुरू झालं, "काय रं, तुझा बा जग जिंकून कवा येणार?"

मी घरी येऊन रडलो, तर आबा म्हशीखालून न उठता म्हणाले, "सांग त्यास्नी, धारा काढून झाल्या की येतो म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी तेच सांगितलं आणि सगळा वर्ग हसला, मीही हसलो. गावात एका शर्यतीच्या बैलाचं नावही सिकंदर होतं. बैल जिंकला की पोरं आमच्या दारावरून ओरडत जायची, "सिकंदर पयला आला!" आबा ओसरीवरून म्हणायचे, "पळालाय त्यो, गुलाल मला टाका." आणि पोरं खरंच गुलाल टाकायची. असं ते नाव होतं आमच्या घरात. कुणाला खुपत नव्हतं. ते मला खुपायला लागलं, आणि नेमकं कधीपासून, ते मला सांगता येत नाही.

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरीला लागलो, कोल्हापुरात राहायला आलो, तेव्हा टेबलावरच्या पाटीवर मी मधलं नाव नुसतं 'एस.' असं घालून घेतलं. सगळेच तसं घालतात. कुणी विचारलं, एस म्हणजे सुरेश का सदाशिव, तर मी हसायचो. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी मनात म्हणायचो. पुढं पुढं गेल्या काही वर्षांत लोक नाव ऐकून थबकायला लागले. घर भाड्यानं बघताना, नव्या सोसायटीत वर्गणी देताना, समोरचा एक क्षण थांबतो आणि मग आडनाव विचारतो. आडनाव ऐकलं की त्याचा चेहरा सैल होतो. तो सैल होताना आपलाही होतो, ही त्यातली वाईट गोष्ट. मी पूर्ण नाव सांगणंच सोडून दिलं.

मग मुलीचं स्थळ आलं. मुलगा गगनबावड्याकडचा, पुण्यात नोकरीला. दोघांची एकमेकांशी ओळख आधीची, पसंती आधीची. आम्ही फक्त रीत करत होतो. मध्यस्थी माझ्या मेव्हण्याची. सुपारीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"माणसं सोन्यासारखी हाईत," तो म्हणाला. "फकस्त पोराचा चुलता जरा कडक डोक्याचा हाय. तवा आबांचं नाव तेवढं... शंकरराव म्हणा की. कोण आधार कार्ड बघाय बसलंय?"

"आबांना विचारायला पाहिजे."

"इचारलं तर म्हातारं न्हाय म्हणणार. मग काय करशील? पोरीचं बघ जरा."

मी विचारलं नाही.

त्या दिवशी आमच्या कोल्हापूरच्या घरी मुलाचे आजोबा आबांच्या शेजारी सरकून बसले. वयानं बरोबरीचे, बोलघेवडे. "शंकरराव, च्या घ्या की." "शंकरराव, म्हशी किती हाईत?" "शंकरराव, तुमच्याकडं ऊस औंदा कसा हाय?" प्रत्येक वेळी आबा थोडे उशिरा वळायचे. आधी माझ्याकडे बघायचे, मग त्यांच्याकडे, आणि मग उत्तर द्यायचे. निघताना आजोबांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "मग लग्नात भेटू, शंकरराव."

"व्हय," आबा म्हणाले.

पाहुणे गेले. आबांनी नवी टोपी काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि आपली जुनी घातली. "मला यष्टी धरायची हाय," म्हणाले. मी मोटारसायकलवरून सोडतो म्हणालो. एरवी ते मागे बसले की एक हात माझ्या खांद्यावर ठेवतात. त्या दिवशी त्यांनी मागची कडी धरली. कागलपर्यंत मी आरशात तेवढंच बघत होतो. दारात उतरल्यावर म्हणाले, "लग्नाला शंकररावास्नी ने. मी म्हशीकडं बघतो."

आवाज चढलेला नव्हता. मी म्हणालो, "आबा, असं काय बोलताय?" ते गोठ्यात गेले होते.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. कामावर दोन वेळा चुकीच्या साच्याच्या कागदावर सही केली. जेवताना मधेच उठून गॅलरीत जायचो, तिथं काही काम नसायचं, परत यायचो. बायको म्हणाली, "अहो, फोन तरी करा त्यांना." फोन केला तर आबा म्हशीचं, पावसाचं, सगळं बोलायचे. लग्नाचं काढलं की "बरं हाय, ठेवतो" म्हणायचे. कार्यालय ठरलं, आचारी ठरला, आणि ज्याच्या मांडीवर मुलगी वाढली तो माणूस येणार की नाही, ते मला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, त्या दिवशी मी चहाचा ट्रे घेऊन दारातच होते. मी ऐकलं."

"अगं, ते जरा..."

"मी पण गप्प बसले. आबांनी माझ्याकडं पण बघितलं होतं." तिचा आवाज बारीक झाला. "मी सांगू का त्याला? तो काही म्हणणार नाही."

"थांब," मी म्हणालो. "बघतो मी."

बघतो म्हणालो आणि मोबाइल बघत बसलो. खरंच. काहीतरी तोड निघेल म्हणून ते नावच शोधलं. तिथं समजलं की हे नाव मुळात ग्रीक आहे, अलेक्झांडर. इराणी आणि अरबी तोंडांतून येता येता त्याचं सिकंदर झालं. अर्थ, माणसांना राखणारा. कुठल्याही पीराच्या, कुठल्याही धर्माच्या वादाच्या कितीतरी आधीचं नाव. वाचता वाचता माझ्या अंगात वारं शिरलं. आता सांगता येईल, असं वाटलं. चुलत्यालाही सांगता येईल.

आमच्या कंपनीत केरळचा एक क्वालिटीवाला आहे, ॲलेक्स. कित्येक वर्षं आम्ही एकाच बाकावर डबा खातो. मी घाईघाईनं त्याला म्हणालो, "अरे, तुझं आणि माझ्या वडिलांचं नाव एकच आहे!"

तो खूश झाला. "म्हणजे ते पण ॲलेक्स?"

"सिकंदर."

"वा! मग मी तुझा बाप झालो." तो हसला आणि डब्यातलं लोणचं माझ्याकडे सरकवत सहज म्हणाला, "इतकी वर्षं झाली, तू कधी सांगितलं नाहीस त्यांचं नाव."

मी डब्याचं झाकण लावलं. त्याचं नाव मी दिवसातून कितीदा तरी मोठ्यानं घेतो, पार भट्टीपलीकडून हाक मारतो. तेच नाव माझ्या बापाचं होतं, तर मी त्याचं एक अक्षर करून टेबलावर ठेवलं होतं.

एवढं होऊनही मी रविवारी ती माहिती घेऊनच गावाला गेलो. मला वाटत होतं आबांना बरं वाटेल. ते गोठ्यापुढं यंत्रावर वैरण कापत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ग्रीस, इराण, अर्थ. यंत्राचा दांडा फिरवत त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग दांडा थांबवला.

"मंजी आता माझं नाव चालंल व्हय?"

"तसं नाही आबा..."

"मग कसं? कुणी इचारलं तर ग्रीक म्हणून सांगायचं? त्यो राजा आलता काय आपल्या शिवारात? माझी आय त्याच्याकडं गेलती काय पदर पसरून?"

मी खाली सांडलेली वैरण गोळा करायला लागलो.

"मला त्या राजाचं काय बी देणंघेणं न्हाय. त्यानं माणसं राखली का मारली त्येचं त्याला ठावं. मी म्हशी राखल्या." ते कापलेली वैरण पाटीत भरायला लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीसाठी मी शंकर झालो असतो, लेका. आणि कोण म्हणला असतास तर त्यो बी झालो असतो. पीराला म्हणलो असतो, एका दिसापुरतं माफी कर. पर तू इचारलंच न्हाईस. चारचौघांत नाव काढून घेतलंस, आणि वर मलाच व्हय म्हणाय लावलंस."

म्हैस पाटीकडे मान लांबवत होती. त्यांनी पाटी तिच्यापुढे ठेवली. मी आलो तसा परत फिरलो. हायवेला लागल्यावर कोल्हापूरकडे वळायचं सोडून भलतीकडेच, निपाणीच्या बाजूला बरंच पुढं गेलो आणि मग लक्षात आलं.

पुढच्या सुट्टीला मी गगनबावड्याकडे निघालो. मेव्हण्याला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "लग्न मोडलं तर?" मी म्हणालो, "पोरगी म्हणते जा." वाटेत तीनदा थांबलो. प्रत्येक वेळी चहा घेतला आणि प्रत्येक वेळी अर्धा टाकला. धुकं होतं, समोरचं दिसत नव्हतं, आणि परत फिरायला तेवढं कारण पुरेसं आहे असंही एकदा वाटून गेलं.

मुलाचे आजोबा सोप्यात बसले होते, चुलता खांबाला टेकून मोबाइल बघत होता. पाणी यायच्या आतच मी बोललो. माझ्या वडिलांचं नाव शंकरराव नाही, सिकंदर आहे. नवसाचं नाव आहे. मी तुमच्याशी खोटं बोललो, आणि त्यांना न विचारता बोललो. ग्रीकचं काहीही सांगितलं नाही.

चुलता म्हणाला, "मंजी फसवलं की तुमी आमाला."

"हो," मी म्हणालो.

"नावाचं खोटं सांगणारं आणि काय काय खोटं सांगत असतील?" तो आत निघून गेला. त्याचं चुकत नव्हतं. लग्न ठरलं तसंच आहे, पण तो माझ्याशी अजून बोलत नाही, आणि आता मला त्याचं काही करता येत नाही.

आजोबा सुपारी कातरत होते. ते एकदम म्हणाले, "तरीच! मी हाक मारतोय, म्हातारं वळतच न्हाय. मला वाटलं, कानानं कमी हाय. म्हणून मी आणि मोठ्यानं वरडत हुतो, शंकरराव, शंकरराव!" ते हसायला लागले, आणि हसता हसता थांबले. "आन् त्यो माणूस शेवटाला मला व्हय म्हणाला हो. माझा हात धरून."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"ऐका पावणं. पोरगी खोटी न्हाय, एवढं बास हाय आमाला. पर त्यास्नी घिऊन या. त्यास्नी फेटा मी बांधणार हाय, माझ्या हातानं, आणि माइकवर नाव घिऊन बांधणार. ते न्हाय आले तर मग मला राग येईल."

आता उरलं होतं ते सगळ्यात अवघड. येणाऱ्या गुरुवारी उरसाच्या आधीचा मलिदा होता. मी रजा टाकली. साहेबांनी कारणही विचारलं नाही, इतकी सोपी होती ती रजा. बायकोनं पहाटे मलिदा केला आणि डबा फडक्यात बांधून दिला. घरी न जाता मी थेट पीराकडे गेलो.

चिंचेखाली आबा बसले होते, त्यांचा छोटा डबा मांडीशी. मला बघून हलले नाहीत. मुजावर, त्या जुन्या मुजावराचा नातू, माझ्याहूनही लहान, ऊद पेटवत होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"अरे तिच्या! वाट चुकला काय साहेब?"

"न्हाय," मी म्हणालो. "वाट धरूनच आलोय."

त्यानं माझा डबा घेतला, आबांचा घेतला, दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवले. आबांच्या डब्यातला मलिदा कोरडा होता. तूप कमी पडलं असावं, एकटा माणूस किती करणार. मी बूट काढून त्यांच्या मागे बसलो. मग उठून शेजारी बसलो. मुजावरानं डोक्यावर रुमाल घेतला, हात पुढं केले, आणि सवयीनं आबांकडे बघत स्वतःच नाव घ्यायला तोंड उघडलं. मग थांबला आणि माझ्याकडे वळला.

"कुणाच्या नावानं?"

पहिल्यांदा आवाज निघाला तो मलाच नीट ऐकू आला नाही. म्हणून दुसऱ्यांदा म्हणालो, मोठ्यानं, भट्टीपलीकडच्या माणसाला हाक मारताना मारतो तसं.

"सिकंदर. माझ्या वडलांच्या नावानं."

फातिया संपली. मुजावरानं उदी लावली, मलिद्याची मूठ आधी आबांच्या हातावर ठेवली, मग माझ्या. आबा ती मूठ तशीच धरून समोर बघत होते. मी त्यांच्याकडे वळलो. त्यांना ग्रीक ऐकवून झालं होतं; मेव्हण्याचा फोन, चुलत्याचा स्वभाव, ही कारणं अजून सांगायची राहिली होती. यातलं काहीच आता तोंडात येऊ द्यायचं नाही असं मी वाटेत ठरवलं होतं.

"आबा," मी म्हणालो, "माझं चुकलं. तुम्हांला न विचारता मी तुमचं नाव लपवलं. त्या दिवशीच नाही, कामाला लागल्यापासून लपवत आलोय. मला तुमची लाज वाटली नव्हती, असं म्हणायला गेलो तर तेही खोटं होईल. वाटली होती. मला माफ करा."